टपावर काडी की छत्री? दिल्लीच्या अँटेनाचा इतिहास

आजचा विषय अगदी व्यवहारातला आहे. हल्ली आपल्याकडे कॅरव्हान घेऊन फिरायची हौस वाढते आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा भागातून तर अशा गाड्या राजस्थानात आणि डोंगरात जायला भाड्यानेही मिळतात. गाडीत पलंग असतो, शेगडी असते, छोटा फ्रिज असतो आणि भिंतीला टीव्ही टांगलेला असतो. मग प्रश्न येतो: टपावर अँटेना कोणता बसवायचा? काड्यांचा, छत्रीचा, की तो पांढऱ्या डब्यासारखा गोल मिळतो तो?

इंटरनेटवर शोधलंत तर उत्तरं ढिगाने मिळतील, पण त्यातली बहुतेक अमेरिकेतली असतात. तिथला माणूस सांगतो की वटवाघळाच्या पंखांसारखा अँटेना टपावर बसवा, मुक्कामाला पोचलात की आतून हँडल फिरवून तो वर करा, जवळच्या शहराकडे वळवा आणि फुकट पाच-पंचवीस वाहिन्या बघा. हे उत्तर त्याच्या देशात बरोबर आहे. तेच उत्तर आपल्या गाडीवर बसवलंत तर टीव्हीवर फक्त मुंग्या दिसतील, किंवा नव्या टीव्हीत नुसती निळी पाटी.

याचं कारण अँटेनाच्या दर्जात नाही. कुठला अँटेना घ्यायचा हे दुकानात ठरत नाही. पलीकडे प्रक्षेपण कोण करतंय, कुठून करतंय आणि कोणासाठी करतंय, यावर ते ठरतं. आणि दिल्लीत ते गेल्या पासष्ट वर्षांत तीनदा बदललं. प्रत्येक वेळी छतावरची वस्तू बदलली, तिचं तोंड बदललं. म्हणून गाडीच्या टपावर चढण्याआधी आपण जरा दिल्लीच्या छतांवर चढू.

काडीचं गणित

सुरुवात थोड्या विज्ञानाने करू. घाबरू नका, भागाकाराच्या पलीकडे काही नाही.

टीव्हीचा सिग्नल म्हणजे रेडिओलहर. ३०० या आकड्याला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. साध्या अँटेनाची मुख्य काडी त्या लांबीच्या साधारण निम्मी असावी लागते. दिल्ली आणि मुंबईची सुरुवातीची केंद्रं ज्या पट्ट्यात होती तो ४७ ते ६८ मेगाहर्ट्झचा. ६२ मेगाहर्ट्झ धरा. ३०० भागिले ६२ म्हणजे जवळपास पावणेपाच मीटर. निम्मं केलं की दोन मीटर चाळीस सेंटीमीटरच्या आसपास. आता आठवा त्या जुन्या गच्च्यांवरच्या लांबलचक ॲल्युमिनियमच्या नळ्या, ज्यांच्यावर एका ओळीत आठ-दहा कावळे बसायचे. ती लांबी कोणाच्या हौसेची नव्हती, लहरीची होती.

त्या काड्यांच्या रचनेला यागी-उदा अँटेना म्हणतात. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी १९२६ च्या सुमारास त्यावर काम केलं आणि १९२८ मध्ये त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांनी इंग्रजीत लेख लिहून ते जगापुढे मांडलं. रचना सोपी आहे. एका काडीला तार जोडायची, मागे एक जरा लांब काडी, पुढे काही आखूड काड्या. मागची काडी आरशासारखं काम करते, पुढच्या काड्या लहरीला वाट दाखवतात. त्यामुळे अँटेना एका दिशेने चांगला ऐकतो आणि बाकी दिशांना जवळजवळ बहिरा होतो.

याची एक मजेदार गोष्ट आहे. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती ब्रिटिशांच्या रडारविषयीची टिपणं लागली. त्यात ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि जपानी तंत्रज्ञांना त्याचा अर्थ लागेना. शेवटी पकडलेल्या ब्रिटिशानेच सांगितलं की हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे. घरच्या शोधाची किंमत बाहेरच्याकडून कळायची ही रीत फक्त आपलीच नाही, असं म्हणायला हरकत नाही.

यागीचा हा एकदिशेचा स्वभाव लक्षात ठेवा. घराच्या छतावर तो गुण आहे. गाडीच्या टपावर तोच दोष होतो, कारण गाडी वळली की अँटेना वळतो.

आकाशवाणी भवन, १९५९

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत, संसद मार्गावरच्या आकाशवाणी भवनातून भारतातलं पहिलं टीव्ही प्रक्षेपण झालं. उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केलं. स्टुडिओ तात्पुरता, ट्रान्समीटर लहान, फिलिप्स कंपनीची सामग्री आणि युनेस्कोचं अनुदान. कार्यक्रम रोज नसत, आठवड्यातून दोनदा असत. सिग्नलचा पल्ला दिल्लीभोवती साधारण चाळीस किलोमीटर.

या चाळीस किलोमीटरकडे नकाशावर बघा. गाझियाबाद त्यात येतं, फरिदाबाद येतं, तेव्हाचं गुडगाव येतं. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा कायदा झाला १९८५ मध्ये. म्हणजे सरकारने कागदावर ‘एनसीआर’ आखण्याच्या पंचवीस वर्षं आधी टीव्हीच्या ट्रान्समीटरने एक एनसीआर आखून टाकला होता. त्याची हद्द कुठल्या तहसीलदाराने ठरवली नव्हती. जिथे चित्र यायचं थांबलं, तिथे हद्द संपली.

आणि हे चित्र कोणासाठी होतं? श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हतं, निदान उद्देश तो नव्हता. सुरुवातीचे संच दिल्लीतल्या ‘टेली-क्लबां’मध्ये ठेवले होते. वस्तीतली माणसं एकत्र येऊन बघणार आणि नंतर चर्चा करणार. या कल्पनेचं मूळ आपल्या पुण्यात आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीवरून ग्रामीण श्रोत्यांची मंडळं चालवली गेली. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं त्यात होती. रेडिओ ऐका, चर्चा करा, प्रश्न कळवा. तोच धडा दिल्लीत टीव्हीवर गिरवला गेला. १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठीही कार्यक्रम सुरू झाले. रोजचं प्रक्षेपण सुरू व्हायला १९६५ उजाडलं.

ऐंशी गावं

२६ जानेवारी १९६७ ला ‘कृषिदर्शन’ सुरू झालं. त्यामागे विक्रम साराभाईंचा आग्रह होता, अणुऊर्जा विभागाची साथ होती आणि पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेतल्या लोकांचं ज्ञान होतं. दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी गावांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले गेले.

इथे अँटेनाचा प्रश्न खरा गंभीर होतो. शहराच्या मध्यात टीव्हीच्या डोक्यावर सशासारखे दोन कान उभे केले तरी चित्र येतं. पण वीस-तीस किलोमीटरवरच्या गावात ते पुरत नाही. छपराच्या वर खांब हवा, त्यावर काड्यांचा अँटेना हवा आणि त्याचं तोंड बरोबर दिल्लीकडे हवं. वादळाने अँटेना हलला, तार सुटली, की सगळ्या गावाचं चित्र गेलं. संच सरकारी असल्याने दुरुस्तीही सरकारी. संच नुसता पोचवून भागत नाही, तो चालू ठेवणारा माणूसही पोचवावा लागतो, हा धडा साराभाईंच्या मंडळींनी इथे घेतला. पुढे उपग्रहाच्या प्रयोगात देखभालीची वेगळी केंद्रं आखली गेली ती त्यामुळेच.

माझ्या मते आजच्या आपल्या गोष्टीचं मर्म या ऐंशी गावांत आहे. त्या काळी अँटेना ही खासगी वस्तू नव्हती. एक खांब, एक काडी आणि तिच्याखाली बसलेलं सगळं गाव.

उंची: सिंहगड आणि पीतमपुरा

टीव्हीच्या लहरी साधारण सरळ जातात. पृथ्वी गोल असल्याने काही अंतरावर त्या डोक्यावरून निघून जातात. म्हणून प्रक्षेपण करणाऱ्याला उंची लागते.

याबाबतीत आपण नशीबवान. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर ट्रान्समीटर उभारून पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिले गेले. गड पुण्याहून साधारण साडेसातशे मीटर उंच. ज्या कारणासाठी तिथे पहारा बसत होता, त्याच कारणासाठी तिथे ट्रान्समीटर बसला: तिथून लांबवर दिसतं. पुण्यातल्या हजारो अँटेनांची तोंडं तेव्हा सिंहगडाकडे होती. कोणाच्या घरात दिशा विचारायची गरज नव्हती, गच्चीवर बघितलं की गड कुठे ते कळायचं.

दिल्लीला गड नाही. अरवलीचा शेवटचा तुकडा, ज्याला तिथे ‘रिज’ म्हणतात, तो बुटका. म्हणून दिल्लीला उंची बांधावी लागली. पीतमपुऱ्याचा टीव्ही मनोरा १९८८ मध्ये पूर्ण झाला, उंची २३५ मीटर.

हा मनोरा किती लांबून ‘दिसतो’ हे घरबसल्या काढता येतं. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, किलोमीटर मिळतात. २३५ चं वर्गमूळ साधारण सव्वापंधरा, म्हणजे ६३ किलोमीटर. त्यात तुमच्या अँटेनाच्या उंचीचा हिशेब मिळवा. दहा मीटर उंच छतावर अँटेना असेल तर आणखी १३ किलोमीटर, एकूण ७६. कॅरव्हानच्या टपावर, जमिनीपासून तीन मीटरवर, अँटेना असेल तर आणखी ७, एकूण ७०. हा हिशेब मनोऱ्याच्या अगदी टोकावरून प्रक्षेपण होतं असं धरून आणि मधे इमारती, झाडं नाहीत असं समजून. म्हणजे मुरथळच्या ढाब्यावर पराठे खाताना आशा आहे. मेरठला नशिबाची गोष्ट. जयपूरच्या वाटेवर रेवाडी मागे पडली की पीतमपुरा विसरा.

यातून गाडीवाल्यांसाठी एक नियम निघतो. मोठा, महागडा अँटेना घेण्यापेक्षा आहे तो दोन मीटर वर उचलला तर बहुतेक वेळा जास्त फायदा होतो. आणि बूस्टरचं म्हणाल, तर बूस्टर चित्र आणत नाही. अँटेनाने जे पकडलं ते तो वाढवतो, खरखरीसकट. तो लावायचाच तर टीव्हीपाशी नको, अँटेनाच्या बुडाशी लावा, म्हणजे तारेत सिग्नल झिजायच्या आत वाढतो. आणि मनोऱ्याच्या अगदी जवळ असाल तर तो काढूनच ठेवा. जोरदार सिग्नलने बूस्टर भांबावतो आणि आलेलं चित्र बिघडवतो.

“आलं का रे?”

१९८२ हे वर्ष दिल्लीच्या छतांसाठी फार महत्त्वाचं. १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले. इन्सॅट-१ए हा उपग्रह सप्टेंबरातच बंद पडला होता, तरी खेळ दिसले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला आणि १९८४ मध्ये तर काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवा लहान ट्रान्समीटर सुरू होत होता. त्याच वर्षी दिल्लीला दुसरी वाहिनी मिळाली.

या दशकात अँटेना खासगी झाला. एक माणूस गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. वरून ओरडा, “आलं का रे?” खालून, “अजून थोडं... गेलं, गेलं! मागे घे!” दिल्लीत कावळ्यांच्या जोडीला माकडं. उंच इमारतींवर आपटून लहर दोनदा पोचायची आणि प्रत्येक वृत्तनिवेदकाच्या शेजारी त्याचं भूत उभं राहायचं.

दिल्लीतल्या मराठी माणसाची एक वेगळी अडचण होती. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी विद्यालय आहे, करोलबागेत जुनी मराठी बिऱ्हाडं. पण अँटेना कितीही उंच करा, कितीही काड्या लावा, मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम दिसणं शक्य नव्हतं. वरळी क्षितिजाच्या खूप खाली होती. दिल्लीतल्या अँटेनाला एकच तोंड होतं आणि ते दिल्लीकडे होतं. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये आली, पुढे २००० मध्ये तिचं नाव सह्याद्री झालं. तेव्हा मराठी दिल्लीत पोचली, पण काडीतून नाही. छत्रीतून.

कोंबड्यांची जाळी आणि आकाशाकडे वळलेलं तोंड

छत्रीची गोष्ट मात्र त्याच्या बरीच आधी सुरू होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह एक वर्षासाठी उसना, अहमदाबाद आणि दिल्लीच्या भूकेंद्रांतून कार्यक्रम वर पाठवायचे आणि सहा राज्यांतल्या २,४०० गावांत ते थेट उतरवायचे. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. महाराष्ट्र त्यात नव्हता.

गावात बसवलेली छत्री तीन मीटर रुंद होती आणि तिचा पृष्ठभाग कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीचा होता. हा जुगाड वाटतो, पण पक्कं विज्ञान आहे. सिग्नल ८६० मेगाहर्ट्झचा, म्हणजे लहर ३५ सेंटीमीटरची. तिला जाळीची बोटभर भोकं दिसतच नाहीत. तिच्यासाठी ती अखंड भिंत. स्वस्त, हलकी, वारा आरपार जाणारी छत्री.

वर्ष संपलं, अमेरिकेने उपग्रह परत नेला. छत्र्या राहिल्या, आकाश रिकामं झालं. अँटेना तुमचा आहे, पण त्याच्या पलीकडचं टोक तुमचं नाही, हे त्या गावांना फार लवकर कळलं.

१९९१ पासून खासगी उपग्रह वाहिन्या आल्या. दिल्लीच्या गल्लीगल्लीत एकेकाने मोठी छत्री लावली आणि खांबांवरून, झाडांवरून तारा ओढून घराघरांत केबल दिली. गच्चीवरचा काड्यांचा अँटेना कोणी काढलाही नाही. तो फक्त कावळ्यांचा उरला. २०१२ च्या अखेरीस दिल्ली-मुंबईत केबलला डबा सक्तीचा झाला. त्याआधी, डिसेंबर २००४ मध्ये, दूरदर्शनने मासिक भाडं नसलेली छत्री आणली. तिचं आजचं नाव डीडी फ्री डिश. अंदाज असा की चार कोटींहून अधिक घरांत ती आहे.

या छत्रीत जाळी चालत नाही. तिची लहर अडीच सेंटीमीटरच्या आसपास, म्हणून पत्रा अखंड लागतो. तिच्या पुढे जो छोटा डबा असतो, एलएनबी, त्याचं तोंड शिंगासारखं असतं. काही मिलिमीटर लांबीच्या लहरी अशाच शिंगातून पकडण्याचे प्रयोग जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात केले होते.

हवा कोणाची?

या सगळ्याच्या मधोमध एक निकाल आहे. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेचं प्रक्षेपण कोणी करायचं यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ ला न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, आणि त्या लोकांच्या हितासाठी वापरल्या पाहिजेत. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते आणि मुख्य निकालपत्र त्यांचं आहे.

निकाल मोठा आहे. पण अँटेनाच्या बाजूने बघितलं तर एक प्रश्न उरतो. लहर सगळ्यांची, हे खरं. पण ती पकडता आली तरच. दूरदर्शनने २०२१ ते २०२२ मध्ये देशभरातले जुने जमिनीवरचे ट्रान्समीटर बंद केले, मोक्याच्या सुमारे पन्नास जागा वगळून. पाहणारे उरले नव्हते, वीज आणि लहरींचा पट्टा वाया जात होता. निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याने एक गोष्ट बदलली. जमिनीवरचा सिग्नल गाडीला, टपरीला, चालत्या माणसाला मिळू शकतो. छत्रीचा सिग्नल थांबलेल्याला मिळतो. घर असलेल्याला, निदान भिंत असलेल्याला.

अमेरिकेनेही २००९ मध्ये जुनं प्रक्षेपण बंद केलं, पण त्याच जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून नवं डिजिटल प्रक्षेपण चालू ठेवलं. म्हणून तिथल्या कॅरव्हानवर तो पंखांचा अँटेना अजून उपयोगी आहे. आपण मनोरा सोडून आकाश धरलं. दोन देशांच्या टपांवर दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्याचं मूळ इथे आहे.

मग टपावर काय बसवायचं?

आता सरळ उत्तर.

पहिलं, फिरस्तीसाठी भारतात मुख्य अँटेना म्हणजे छत्रीच. साठ सेंटीमीटरची, फ्री डिशची. पण तिची नजर अरुंद असते, जेमतेम तीन अंश. काड्यांचा अँटेना पन्नास-साठ अंशांत ऐकायचा, म्हणून जिन्यात ओरडून जमायचं. इथे होकायंत्र लागतं. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. दिल्लीहून तो आग्नेयेच्या जरा दक्षिणेला, उत्तरेपासून मोजलं तर साधारण १४९ अंशांवर, आणि क्षितिजापासून ५२ अंश वर. जयपूरला गेलात की दिशा चार अंशांनी सरकते, म्हणजे सिग्नल गेला. मुंबईला पोचाल तेव्हा दिशा १३१ आणि उंची साडेसत्तावन्न. प्रत्येक मुक्कामी छत्री नव्याने लावावी लागणार, हे धरूनच चाला. होकायंत्र मात्र गाडीच्या पत्र्यापासून चार पावलं लांब धरा, नाहीतर सुई गाडीकडेच बघेल.

दुसरं, छत्री टपाला कायमची ठोकण्यापेक्षा तिपाईवर ठेवा आणि दहा-पंधरा मीटर तार जवळ ठेवा. दिल्लीच्या मे महिन्यात गाडी कडुनिंबाखाली लावावीच लागते आणि झाडाखाली छत्री आंधळी होते. तिपाई असेल तर गाडी सावलीत राहते आणि छत्री उन्हात. स्वतः उपग्रह शोधणाऱ्या, चालत्या गाडीतही तोंड वळवणाऱ्या छत्र्याही मिळतात, पण त्या महाग आहेत. आणि जोराच्या पावसात सगळ्याच छत्र्या गप्प होतात.

तिसरं, टपावर एक छोटा काड्यांचा अँटेना असू द्या. २०१६ मध्ये दूरदर्शनने दिल्ली, मुंबई, औरंगाबादसह सोळा शहरांत जमिनीवरून नवं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, तेही फोनवर आणि गाडीत बघता यावं म्हणून. त्यासाठी टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनर लागतो; खरेदीआधी तेवढं विचारा. हा पट्टा वरचा असल्याने काडी तीस सेंटीमीटरच्या आसपासच पुरते. चालत्या गाडीत सगळीकडून ऐकणारा गोल डबा चांगला. थांबल्यावर एका दिशेचा, उचलता येणारा यागी चांगला. आणि निघताना तो खाली केला ना, हे पाहा. रस्त्यावरच्या उंचीच्या कमानी कोणाची वाट बघत नाहीत.

चौथं, डिजिटलमध्ये भूत नाही, मुंग्या नाहीत. चित्र एकतर पूर्ण येतं, नाहीतर येतच नाही. त्यामुळे डोळ्यांनी अंदाज घेऊन अँटेना फिरवण्याचे दिवस गेले. सिग्नलचा स्वस्त मीटर घ्या, किंवा टीव्हीच्या मेनूतली पट्टी बघत फिरवा.

कॅरव्हानवाल्याचं तर भागेल. त्याच्याकडे पैसे आहेत, मोबाइलचा डेटा आहे. मला काळजी आहे ती दुसऱ्या फिरस्त्यांची. मुंडका किंवा गाझीपूरला रात्री ट्रक लावून झोपणारा चालक, नोएडाच्या बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणारा मजूर, आपल्याकडचा ऊसतोड कामगार. १९६७ मध्ये ऐंशी गावांत जो खांब रोवला गेला तो अशा लोकांसाठी होता, ज्यांना स्वतःचा अँटेना परवडत नव्हता. आता कर्तव्यपथ आणि नोएडात थेट मोबाइलवर, इंटरनेटशिवाय प्रक्षेपण करण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. ते खरंच आलं तर अँटेना खिशात जाईल आणि जमिनीवरच्या मनोऱ्याला पुन्हा काम मिळेल. मग प्रश्न उरेल तो एकच: त्यावर फुकट काय दिसणार आणि ते कोण ठरवणार.

तुमच्या घराच्या गच्चीवर अजून काड्यांचा अँटेना उभा असेल तर त्याचं तोंड कुठे आहे ते एकदा वर जाऊन बघा आणि आम्हाला कळवा. गावाचं नाव आणि दिशा एवढं पुरे. त्यावरून तुमच्या भागातला ट्रान्समीटर कुठे होता हे आपण शोधू. पुढच्या भागात भेटू.